देवीकडे पाठ

त्या थोरल्या देवळात माहिती सांगणारे बरेच होते, पण टेपकाका एकच. बाकीच्या गाइडांनीच हे नाव ठेवलेलं, कारण एकदा सुरू झाले की थांबायचं नाव नाही. राजा युद्धाआधी काय नवस बोलला, जिंकल्यावर डोंगर फोडून हे देऊळ कसं उभं केलं, असुराला मारून देवीने शस्त्रं खाली ठेवली ती याच जागी, म्हणून इथे तिचे हात रिकामे, म्हणून इथे कुणाचं वाईट मागायचं नाही. झोपेतून उठवलं तरी घडाघडा सांगतील. लोकांकडे तोंड करून बोलायचं, म्हणजे देवीकडे पाठ. अर्धं आयुष्य तसंच गेलं. पाय सुजले, घसा बसला, पण पोट कुणाचं ऐकतं होय?

घरी आला की माणूस मुका. बायको म्हणायची, "सगळी बडबड देवळात सांडून येता आणि मला नुसती रिकामी कळशी!" त्यावरही काकांचं उत्तर 'हं'.

मग तिला काचबिंदू झाला. डाव्या डोळ्याने कधीच राम म्हटला होता. उजव्याचंही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. तिने रडारड केली नाही, एकच मागणं मागितलं.

"अहो, दिसतंय तोवर एकदा माझ्याबरोबर दर्शनाला चला. गाइड म्हणून नको, नवरा म्हणून."

"जाऊ गं. सुट्ट्यांची गर्दी जरा ओसरू दे."

गर्दी कसली ओसरतेय! आज ही बस, उद्या ती सहल. शेजारीण न्यायला तयार होती, पण ही हट्टाला पेटलेली. आणि एका सकाळी तिने चहा ओतला तो कपाच्या शेजारी, ओट्यावर. ओतून झाल्यावरही तिला कळलं नाही. काकांनी फडक्याने ओटा पुसला आणि म्हणाले, "चल. आत्ताच्या आत्ता."

पुजारी नुकताच देवीला न्हाऊ घालून बाहेर गेला होता. मुकुट नाही, दागिने नाहीत, फुलं नाहीत, नुसता ओला काळा दगड. गाभाऱ्यात दुसरं कुणी नव्हतं.

"मला नुसतं धुकं दिसतंय हो," ती म्हणाली. "कशी आहे, सांगा ना."

काका सवयीने वळले, देवीकडे पाठ करून उभे राहिले आणि सुरू झाले, "या मूर्तीचा पाषाण..."

"इतिहास नको मेला! तिचा चेहरा सांगा."

चेहरा? इतक्या वर्षांत नीट पाहिला कोणी होता! काका मागे फिरले. बघत राहिले.

"नाक झिजलंय गं. रोज पाणी पडून पडून. ओठ कळतच नाहीत." ते जरा पुढे वाकले. "डोळेही पुसले गेलेत."

"म्हणजे तिलाही दिसत नाही?"

उशीर केला, फार उशीर केला, एवढंच काकांच्या मनात येत होतं.

"मग मी आलेय ते तिला कळणार कसं?" बायकोने चाचपून त्यांचा हात धरला. "सांगा की तुम्ही. तुमचा आवाज रोज ऐकते ती."

काकांनी घसा खाकरला. "आई, ही माझी बायको," ते म्हणाले, आणि पुढे एक शब्द फुटेना.