गंगेच्या ओटीची साडी

दसरा झाल्यावर आम्ही फरीदाबादहून गढमुक्तेश्वरला गंगेतले डॉल्फिन बघायला गेलो. नावेत मी, माझी नणंद, माझी लहान नात आणि नावाडी. मुलगा ऑफिसच्या फोनपायी काठावरच राहिला. नातीला पोहता येत नव्हतं. मलाही नाही.

नदीच्या मधोमध नावाड्याने इंजिन बंद केलं. आवाज थांबला तरच डॉल्फिन वर येतो म्हणे. आम्ही गप्प बसलो. पाण्याला ओढ होती, नाव हळूहळू पुलाकडे सरकत होती. डॉल्फिन काही दिसेना. तेवढ्यात नणंदेने नारळ आणि नवी साडी काढून गंगेची ओटी भरली. साडी घडी मोडून मागून पाण्यात सोडली.

"वन्सं, खण पुरला असता," मी म्हटलं.

"वहिनी, देवाला तरी हात आखडू नका."

पूल जवळ आला तसं नावाड्याने इंजिन चालू केलं. ते गुरगुरलं आणि बंद पडलं. साडी इंजिनाच्या पंख्यात गुंडाळली गेली होती. त्याने इंजिन कलतं करून पंखा पाण्याबाहेर काढला. पीळ सुटेना. समोर पुलाचा खांब, त्याला आपटून पाणी फेसाळत होतं.

"माताजी, कुछ काटने को है?"

माझ्या बटव्यात अडकित्ता होता. नावाडी बांबू घेऊन पुढे धावला, खांबाला रेटा द्यायला. कापायचं माझ्यावर आलं.

"तू बिल्कुल हलायचं नाहीस," मी नातीला सांगितलं.

"ओटी कापू नका हो, अपशकुन होतो," नणंद म्हणाली.

"बुडाल्यावर शकुन बघा."

सूत तुटलं, जरीचा काठ तुटेना. बांबू खांबावर कडाडला, नाव तिरकी झाली. नणंदेने नातीला गुडघ्यांत दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी काठ ताणला.

"कापा आता. बोलू नका."

काठ तुटला. नावाड्याने इंजिन पाण्यात टाकलं, ते लागलं. खांब हातभर अंतरावरून गेला.

पूल मागे पडला. मग नात म्हणाली, "आजी, डॉल्फिन आला होता. तुझ्या बाजूलाच. लांब चोच होती त्याला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, हलायचं नाही."

नणंद साडीचे तुकडे गोळा करून पुन्हा गंगेत सोडायला निघाली. मी ते तिच्या हातातून घेतले आणि किनारा येईपर्यंत त्यांच्यावर बसून राहिले.