अंबाक्कांचा लोखंडी भाऊ

तंजावूरला समुद्र नाही, तरी मेलवीथी गल्लीत एक जहाजवाले राहतात. सदाशिवराव त्यांचं नाव. जन्मात बोटीत बसले नाहीत. कावेरीत गुडघाभर पाण्यात उतरले तरी म्हणतात, "अंबा, हात धर." पण वल्लम रस्त्यावरच्या एका कारखान्यात जहाजांच्या तळाचे घराएवढे लोखंडी तुकडे जोडले जायचे, मग ट्रेलरवर चढून किनाऱ्यावरच्या गोदीत जायचे, आणि त्यांतले कितीतरी सांधे सदाशिवरावांच्या हातचे असायचे. म्हणून ते जहाजवाले आणि त्यांची बायको अंबाक्का जहाजवाली. ही पदवी समोरच्या राजलक्ष्मीने बहाल केली. तिच्याकडे गल्लीला देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, पदव्या आणि टेलिफोन.

अंबाक्का ओरत्तनाडूच्या. माहेरी शेत होतं, विहीर होती, भाऊ तेवढा नव्हता. भाऊबीजेला त्या चंद्राला ओवाळायच्या आणि ताट खाली ठेवताना न चुकता म्हणायच्या, "मेला चिकट! लहानपणापासून ओवाळते, एक चोळीचा खण नाही घातला त्याने."

जहाजाच्या तळात आतून खण असतात, भिंतीतल्या फडताळासारखे. वेल्डरने त्यात सरपटत शिरायचं, पाय पोटाशी घ्यायचे आणि टाके घालायचे. धूर बाहेर जायला वाट नाही, मग तो वेल्डरच्या छातीत मुक्काम करतो. सदाशिवरावांच्या छातीत त्याने बिऱ्हाडच थाटलं. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच श्वासाला थांबायचे. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन वर्षं त्या खणात बसलात, तर पुढे माझ्याकडे यायची गरज नाही." सदाशिवराव आनंदाने घरी आले आणि सांगते झाले, "डॉक्टर म्हणाले, पुढे यायला नको!" अंबाक्कांनी ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला.

पण चूल कुणाच्या छातीकडे बघून पेटत नाही. ते खणात शिरत राहिले.

मग परदेशी माल आणण्यावरची बंदी उठली, आणि कारखान्याच्या मालकाने जपानातून एक वापरलेला यांत्रिक हात मागवला, वेल्डिंग करणारा. वरच्या तुळईवरून हा हात खणात उतरायचा, टोकाशी असलेल्या काचेच्या डोळ्याने सांधा शोधायचा आणि टाका घालत जायचा. सदाशिवराव बाहेर स्टुलावर, हातात बटणांची पेटी. खोकला महिन्या दोन महिन्यांत निम्म्यावर आला. अंबाक्कांनी त्या हाताला न बघताच त्याच्या नावाने बृहदीश्वराला नारळ फोडला.

अट मात्र होती. हात परीक्षेवर आणला होता. गोदीचा तपासनीस येऊन त्याचं काम बघणार. पसंत पडलं तर हात राहणार, नाहीतर खोक्यात बंद होऊन परत, आणि सदाशिवराव परत खणात.

तपासनिसाने विजयादशमी धरली. आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारं विश्रांती घेतात आणि घरची मंडळी कारखान्यात येतात. अंबाक्का सुंडलचं, म्हणजे खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं आणि आरतीचं ताट घेऊन पोचल्या. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, गंध, कुंकू. हा हात मान खाली घालून उभा होता, शहाण्या मुलासारखा. अंबाक्का बघतच राहिल्या.

"काय ग, नातं लावतेस काय?" राजलक्ष्मीने डिवचलं. तीही आली होतीच, सुंडल सोडते होय!

"लावते तर! चंद्राने केलं नाही ते ह्याने केलं." आणि त्यांनी त्याला ओवाळलं. कपाळ कुठलं, हे शोधायला लागलं. टोकाशी एक वाटोळी चकचकीत जागा दिसली, तिथे त्यांनी भरघोस गंध लावलं, वर कुंकवाचा टिळा. सदाशिवराव तेव्हा सुंडल वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजलक्ष्मीचा टेलिफोन वाजला. सदाशिवराव होते. "अंबा, जेवायला वाट बघू नको. हात खाली जातो, तसाच वर येतो, लाल दिवा लागतो. सगळ्या तारा बघून झाल्या. त्याला दिसतच नाही म्हणे काही. तपासनीस घड्याळ बघतोय, मालक म्हणतात खोकं आणा..." मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

अंबाक्का रिसीव्हर धरून उभ्या. "राजी, त्याचा डोळा कुठे असतो ग?"

राजलक्ष्मीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती पायरीवरच बसली. "अय्यो! भावाच्या डोळ्यात गंध घातलंस!"

"हसू नको. ऑटो बोलाव."

रस्ताभर अंबाक्कांना एकच दिसत होतं, खणात सरपटत शिरणाऱ्या नवऱ्याचे दोन पाय. लाजेचा विचार नंतर करू, असं त्यांनी ठरवलं.

कारखान्यात सगळे हाताभोवती माना वर करून उभे होते. गंध तर प्रत्येक यंत्रावर होतं, त्यात डोळ्यावरचं कुणाला वेगळं दिसणार? आणि पूजेचं गंध आपणहून गळेपर्यंत कुणी पुसत नाही.

"व्यंकटरमणसार," अंबाक्का मॅनेजरला म्हणाल्या, "चूक माझी आहे. ह्यांची नाही. मी त्याच्या डोळ्यावर गंध लावलं."

सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला. व्यंकटरमण वर बघू लागले, खाली बघू लागले. "पण अम्मा, विजयादशमीच्या दिवशी पूजेचं गंध पुसायचं?"

"मी लावलं, मीच पुसते. बहिणीने पुसलं तर भावाला दोष लागत नाही."

हे कुठल्या शास्त्रात आहे ते कुणी विचारलं नाही. ओला पदर, मग कोरडा. काच स्वच्छ झाली. सदाशिवरावांनी बटण दाबलं. हात खाली गेला, थांबला. आणि खणातून निळा उजेड उसळला.

तपासनीस मोठा शंकेखोर. त्याने टाका घासून पाहिला, मोजून पाहिला, लाल औषध लावून भेग शोधली. मग टोपी काढून म्हणाला, "सरी, ठीक आहे. हात राहू दे." आणि जाता जाता, "डोळ्याला तेवढं झाकण बसवा, पुढच्या वर्षीही बहीण येईल."

सगळे हसले. अंबाक्का हसल्या नाहीत. त्यांनी हाताकडे पाहून मान लववली आणि बाहेर आल्या.

दुपारी दोघं थांब्याकडे निघाली. सदाशिवराव बोलत सुटले होते, "गंध! आता पोंगलपर्यंत सगळे मला मेहुणा मेहुणा म्हणतील!" एवढ्यात बस सुटताना दिसली. ते बोलणं तसंच टाकून धावले. चांगले धावले, धूळ उडवत, आणि दांडी धरून पायरीवर चढलेसुद्धा. "अंबा, चढ की!" ते ओरडले, एका दमात, मध्ये न थांबता.

अंबाक्का जागच्या हलल्या नाहीत. रस्त्यातच हात जोडून उभ्या, डोळे भरलेले. कंडक्टरला वाटलं, नमस्कार आपल्यालाच. त्यानेही वाकून परत केला आणि शिट्टी मारली.