भावनिक बुद्धिमत्ता, दोन क्रेडिट

भंडाऱ्याच्या स्टँडवर बाबांनी बॅग गाडीत चढवली आणि कबड्डीचे बूट वेगळ्या पिशवीत माझ्या हातात दिले. "खेळ सोडू नको बरं," एवढंच म्हणाले. आई खिडकीखाली उभी होती. "जेवत जाजो," म्हणाली आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागली. शाळेपासून मी जिल्ह्याच्या संघात होते. पुण्यात मोठं मैदान मिळेल, असं कुणी न सांगताच मी ठरवून टाकलं होतं.

वाघोलीच्या कॉलेजला मैदान होतं, माहितीपत्रकात. प्रत्यक्षात तिथं प्राध्यापकांच्या गाड्या लागायच्या. खेळाचे गुण मोबाइलमधलं ॲप देई, तेही चालण्याची पावलं मोजून. वर्गातली हुशार मुलं फोन छताच्या पंख्याला बांधून झोपत आणि सकाळी फिटनेसमध्ये पहिली येत. आपल्याकडच्या ज्या मुली इथं यायचं म्हणतात, त्यांनी हे ऐकून ठेवावं.

'भावनिक बुद्धिमत्ता' हा विषयही होता, दोन क्रेडिटचा. शिकवायला खराडीहून एक ट्रेनर येत. कोट, कॉलरला माइक, आणि प्रत्येक वाक्यात 'फील'. मी कबड्डी खेळते म्हटल्यावर हसून म्हणाले, "म्हणजे ॲग्रेशन आहे. आपण त्यावर वर्क करू." ते वर्क कधी झालं नाही. सरांना माझं नावही लक्षात राहिलं नाही.

माझी रूममेट प्रणाली वाशीमची. तिचे वडील नुकतेच गेले होते आणि हजेरी कमी पडते म्हणून ती तेराव्यानंतर लगेच परत आली होती. हे सरांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी तिला उभं केलं आणि वडिलांची एक आनंदी आठवण सांगायला लावली. प्रणाली एक शब्द बोलली आणि कोसळली. सर म्हणाले, "ब्यूटिफुल. गाईज, हे रिलीज आहे." वर्गानं टाळ्या वाजवल्या. दोघांनी शूटिंग केलं. सरांनी पुढची स्लाइड लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरत होती.

"कुठं निघालीस?"

"घरी. मला नाही जमत इथं."

मला समजूत घालता येत नाही. मी म्हटलं, "जा. पण आधी खाली चल, मला सरावाला कुणीतरी पाहिजे."

गाड्या यायच्या आत आम्ही मैदानावर चुन्यानं रेषा मारल्या. प्रणाली आयुष्यात कधी खेळली नव्हती. पहिल्याच पकडीत पडली, गुडघा फुटला, उठली आणि मला असं धरलं की माझा दम निघाला. मग मला धरूनच खूप रडली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. बॅग त्या दिवशी तशीच राहिली. आठवड्याभरात होस्टेलच्या आणखी मुली उतरल्या.

मग सर आले. ते रेषांच्या आत उभे राहून मोबाइल धरून म्हणाले, "अमेझिंग. माझ्या मॉड्यूलचा इम्पॅक्ट आहे हा."

प्रणालीनं केस बांधले. "सर, आपण मैदानात उभे आहात. बाहेर व्हा, आम्हाला खेळायचंय."

सर बाहेर झाले. आम्हा दोघींना त्या विषयात जेमतेम पास केलं. फोन पंख्याला बांधणाऱ्यांतल्या एकाला 'आउटस्टँडिंग' मिळालं. तो आता एका कंपनीत माणसं सांभाळतो म्हणे.

आज आम्ही दोघी विश्रांतवाडीत भाड्यानं राहतो, खराडीत नोकरी करतो. ऑफिसातही वेलनेस सप्ताह असतो, कोट तसेच असतात. आम्ही त्या वेळात डबा खातो. रविवारी सकाळी जवळच्या मैदानावर खेळतो. भंडाऱ्याला गेले की आई आता माझ्यासाठी नवी चादर काढते. पाहुण्यांसाठी काढायची ती. ते मला लागतं.

मागच्या महिन्यात बाबा पहिल्यांदा इथं आले. रविवारी मैदानाच्या कडेला बसून प्रणालीची चढाई बघत होते. परतताना त्यांनी विचारलं, "जीव लागला का इथं?"

"लागला नाही बाबा. लावला."

त्यांनी माझ्या हातातली बुटांची पिशवी आपल्याकडे घेतली. मग म्हणाले, "मग आता हेच घर."