बाबांचा ईसीजी असाच येतो

मंडळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आमच्या बाबांच्या हृदयात ठोक्यांचे विद्युत संदेश जातात त्या वाटेवर जुना ब्लॉक आहे. त्यामुळे त्यांचा ईसीजी कायम वाकडातिकडाच येतो. कोणताही नवा डॉक्टर दिसला की आम्ही घरचे आधीच सांगून टाकतो, "घबराइए मत, इनका ईसीजी ऐसा ही आता है." वर आपण किती जागरूक, असंही वाटतं.

आज सकाळी इथल्या फ्रीगंज बाजारात भाजी घेताना बाबांना दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला. मी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला आणि माझ्या तोंडून तेच वाक्य गेलं. डॉक्टर निर्धास्त झाले, ॲसिडिटीची गोळी दिली. बाबा म्हणाले, "बघ, उगाच घाबरतेस. चल घरी."

पण स्कूटरवर बसायला त्यांचा पाय उचलेना. तशीच ऑटो करून त्यांना मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथेही मी तेच सुरू केलं, तर डॉक्टरबाईंनी मला थांबवलं. "ईसीजी तो हमेशा जैसा है. ये हमेशा जैसे हैं क्या?"

जुन्या ब्लॉकमागे अटॅक लपून राहतो, म्हणाल्या. लगेच अँजिओग्राफी केली. हृदयाची मोठी नस पूर्ण बंद होती.

आता ती उघडली आहे, बाबा आयसीयूत आहेत.

आत्ताच आई चिडून विचारत होती, "त्या पहिल्या डॉक्टरला तू सांगितलं नव्हतंस का, ह्यांचा ईसीजी असाच येतो म्हणून?"

तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर देऊ?