साडूंच्या पट्ट्या

माझ्या साडूंइतका चिकाटीचा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि पाहुण्यांना त्यांच्याइतकं कामाला लावणारा तर अख्ख्या महाराष्ट्रात नसावा. एरवी मी मोजल्याशिवाय विधान करत नाही, पण इथे मोजायची गरज वाटत नाही. आम्ही नवराबायको रविवारी कोलशेतहून कोपरला त्यांच्या घरी गेलो, की पाण्याच्या आधी हातात कागद येई. "वाचा साडूभाऊ. सावकाश." मग रात्री आठच्या आधी सुटका नसे.

ते ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. काचसामान धुवायचं आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या, एवढंच खरं तर त्यांचं काम. नव्वदच्या सुमारास तिथल्या एका संशोधक बाईंनी खाडीतल्या दोन माशांच्या जनुकांची अक्षरं छापून आणली. जनुक म्हणजे ए, सी, जी, टी या चारच अक्षरांची लांबलचक ओळ. दोन माशांच्या ओळी शेजारी ठेवायच्या आणि कुठे जुळतात, कुठे बिनसतात ते पाहायचं. हे काम संगणक करतो, असं बाई म्हणाल्या. पण कॉलेजात संगणक एकच, तोही प्राचार्यांच्या खोलीत कापडाखाली झाकलेला. "मग द्या इकडे," साडू म्हणाले आणि घरी येऊन आलेखाच्या कागदाच्या पट्ट्या कापायला बसले. अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनात एक अक्षर, छापील एका ओळीची एक पट्टी. एक मासा निळ्या शाईत, दुसरा लाल. दोन लाकडी फुटपट्ट्यांच्या मध्ये पट्ट्या एकापुढे एक बसवून त्या पुढेमागे सरकवायच्या. हे यंत्र ते इतक्या जपून हाताळत, की मेहुणीला त्याच्यावरची धूळही पुसू देत नसत.

अक्षरं उतरवताना मात्र दुसऱ्याने वाचून दाखवावी लागत. कुकरच्या शिट्टीत सी, जी आणि टी सारखेच ऐकू येतात, म्हणून मेहुणीने त्यांना घरगुती नावं दिली: आलं, साबुदाणा, जिरं, टोमॅटो. आमच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत. त्यांना हे वाचन इतकं आवडलं, की दुपारची झोप सोडून त्या कागद घेऊन बसत. "टोमॅटो, टोमॅटो, आलं, साबुदाणा..." शेजारच्या वहिनी एकदा विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "आज कितीजण आहेत हो जेवायला?" साडूंनी त्यांनाही दोन ओळी वाचायला लावल्या. विरजण तसंच राहिलं.

चार महिन्यांनी साडूंना शोध लागला. पाचव्या ओळीपासून पुढे दोन्ही मासे एकमेकांना ओळखही देत नव्हते! त्याच वेळी पुण्याच्या एका संस्थेने संशोधकांसाठी हे विश्लेषण संगणकावर शिकवायचा दोन आठवड्यांचा वर्ग जाहीर केला. अर्जासोबत स्वतः केलेलं काम जोडायचं होतं. साडू पदवीधरही नव्हते, पण बाईंनी शिफारस केली. अर्ज गेला, आणि साडूंनी पुण्याला न्यायच्या बॅगेला नवी चेन बसवून आणली.

पुढच्या रविवारी मी दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या पट्ट्या पाहत होतो. निळ्यांपैकी पाचवी मला तोकडी वाटली. मोजली. बाकीच्या सगळ्या तीस सेंटिमीटर, ही एकोणतीस. म्हणजे छापील ओळीत साठ अक्षरं आणि पट्टीवर अठ्ठावन्न. मूळ कागद काढला, तर तिथे जी हे अक्षर ओळीने तीनदा होतं.

"आई, हे तुम्ही वाचलंत?" साडूंनी विचारलं.

"हो, मीच. जिरं. एकदा सांगितलं ना?"

"तीनदा आहे ते."

"अहो जावईबापू, यादीत एक जिन्नस तीनदा कोण लिहितं? लिहिणाऱ्याची चूक म्हणून मी एकदाच वाचलं."

दोन अक्षरं गळली होती, त्यामुळे पुढची सगळी ओळ दोन घरं अलीकडे सरकली होती. साडूंनी पट्टी नीट करून बसवली. मासे पार शेवटपर्यंत जवळजवळ तंतोतंत जुळले. शोध संपला.

"गप्प बसा," मेहुणी म्हणाली, "तिकडे कोण मोजतंय?"

"मोजणारे इथेच बसलेत की," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही. साडूंनी कोरा कागद ओढला आणि संस्थेला लिहिलं, की माझा निष्कर्ष चुकीचा आहे, एका पट्टीत दोन अक्षरं कमी पडली, ती माझ्या साडूंनी (म्हणजे मी) दाखवली. सासूबाईंचं नाव त्यांनी कुठेही घातलं नाही. पत्र टाकून आले आणि बॅग माळ्यावर ठेवून दिली.

बोलावणं आलं. स्वतःची चूक कळवणारा अर्जदार हा एकटाच, असं तिथले लोक म्हणाल्याचं बाईंनी नंतर सांगितलं.

पुण्याहून परतल्यावर आम्ही भेटायला गेलो. साडू खुशीत होते. किती शिकलो, कोण कोण भेटलं, आता बाईंच्या विद्यार्थ्यांनाही शिकवणार, असं बरंच काही भरभरून बोलले.

"आपले मासे घातले होते मी तिथल्या संगणकात. मिनिटभरात झालं हो."

"मग चांगलंच की," मी म्हणालो.

"चांगलंच. कुणी वाचून दाखवावं लागत नाही." त्यांनी दिवाणाकडे पाहिलं. सासूबाई तिथे भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. "यंत्र काम करत असताना आपण सगळ्यांनी काय करायचं, ते मात्र त्यांनी शिकवलं नाही."

त्या रविवारी आम्ही साडेचारलाच घरी जायला निघालो.