फाटकातला प्रश्न

"तू कोनी शेस?"

कापसातली सरकी काढायच्या जिनच्या फाटकात मुकादमीण अक्कानं एवढंच विचारलं, तू कोणाची. माझे हात बघितले नाहीत.

गोऱ्यांचं राज्य होतं. नवरा वारला तेव्हा मी भडगावकडून पोटासाठी जळगावला आले. जिनमध्ये बायांना किडका कापूस निवडायचं काम मिळे. आत कोणाला घ्यायचं ते अक्का ठरवी. बायांनी सांगितलं, उन्हाळ्यात तिच्या घरचे बिबडे, ज्वारीचे पापड, करून दे, मग हंगामात ती आपलं समजते. मी गेले. चार दिवस ज्वारी कांडली, ओल्या फडक्यावर बिबडे थापले. फुकट. पाणी मागितलं तर म्हणे, आधी हे फडकं भर.

म्हणून फाटकात म्हटलं, "अक्का, चैतमा तुमना अंगनमा बिबडा थाप्यात ना मी."

ती हसली. "बिबडा ते बठ्ठ्याच बाया थापतस. आत तुनं मानूस कोन शे, ते सांग."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या मागची पोर म्हणाली, "मी तुमनी ननदनी पुतनी." ती आत गेली. तिला किडका कापूस ओळखता येत नव्हता. खरं सांगते, माझं कोणी आत असतं तर मीही नाव घेतलं असतं. नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्काचा निरोप आला, बिबड्यांना ये. मी सांगून पाठवलं, "जठे काम नही, तठे हात बी नही." फाटकातून परत फिरलेल्या आणखी सहा जणी होत्या. त्यांच्याही दारी जाऊन सांगितलं. कोणी गेलं नाही. अक्काची भिजत घातलेली ज्वारी सडली. जिन आम्हाला कायमचं बंद झालं.

मग आम्ही सातजणी असोद्याच्या शेतांत कापूस वेचू लागलो. शेतकरी मला विचारून बाया नेऊ लागले. तेव्हा धाकटी बहीण पोरीला घेऊन आली.

"तुनीच भाची शे. घे तिले."

मी पोरीला एक ओळ वेचायला लावली. कापसात निम्मा पाला आला. परत पाठवली.

बहीण म्हणाली, "तू बी अक्काच व्हयनी."

त्यानंतर ती माझ्या दारात आली नाही. लेकीच्या लग्नालाही बोलावलं नाही. मी गेलेही नाही. आजही कोणी पोर आणली तर मी तिला बापाचं नाव विचारत नाही, मामाचं नाही. ओळ दाखवते. आधी वेच म्हणते.