सुट्टीतला तितर

वैशाखातल्या एका सोमवारी पाटोद्याहून बीडला निघालेल्या बैलगाडीत आम्ही तिघे होतो: गाडीवान, मी आणि उन्हाळी सुट्टी लागलेले उर्दू शाळेचे एक मास्तर. त्यांच्या मांडीवर पिंजरा होता आणि त्यात पाळलेला तितर. वाटेत त्यांनी त्याला बाहेर काढून खेळवले. शीळ घातली की तो दर वेळी धावत हातावर यायचा. मी सगळे निरखत होतो.

घाट उतरल्यावर बैल सोडले. मास्तरांनी पिंजरा उघडला. तितर धुळीत मजेत लोळला. तेवढ्यात टेकडीवरून रानतितर ओरडला, तसा हा मान उंचावून झुडपात शिरला.

मास्तरांची बोटे ओठांपर्यंत गेली आणि थांबली.

"शीळ घाला की, मास्तर! मुंगूस खाईल त्याला," गाडीवान म्हणाला.

"सुट्टीत हजेरी घेत नसतात, बाबा."

"मंग पाळला कावून?"

मास्तर हसले, पण नजर झुडपावरच होती.

बैल जुंपले तरी ते चढले नाहीत. बीडपर्यंतचे पूर्ण भाडे, निजामाच्या हाली नाण्यातले चार आणे, त्यांनी गाडीवानाच्या हातावर ठेवले आणि उघड्या पिंजऱ्याशेजारी जाऊन बसले.